जंगली जनावरांची पांदण मोकळी ठेवा



पांदण म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. गावापासून शेतापर्यंत बैलबंडी जावी म्हणून वाडवडिलांनी सोडलेली ती वाट. एकाने धुरा दोन हात पुढे सरकवला, दुसऱ्याने काट्या आणून टाकल्या, की पांदण बंद. पण पांदण बंद झाली म्हणून बंडी काही घरी बसत नाही. पेरणीच्या दिवसांत ती कुणाच्या तरी उभ्या वावरातून जाते. मग बोलाचाली होते, पंचांपुढे बसावं लागतं, कधी तहसील गाठावी लागते.

जंगली जनावरांच्याही अशाच पांदणी असतात, आणि त्या आपल्या विदर्भात गावोगावच्या शिवारांतून जातात. वनखात्याच्या कागदांत त्यांना ‘भ्रमणमार्ग’ म्हणतात. ‘कॉरिडॉर’ हा शब्दही हल्ली कानावर येतो. नाव काहीही द्या, गोष्ट तीच. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायची वाट. ती मोकळी असली तर जनावर रातोरात निघून जातं. ती बंद झाली तर जनावर आपल्या गावाच्या कडेला अडकून पडतं. म्हणून ही वाट राखण्यात वाघाइतकाच आपलाही फायदा आहे. तो कसा, आणि त्यासाठी काय करावं, हे या पत्रकात सांगितलं आहे.

जनावर जंगल सोडून निघतंच का?

आता तुम्ही म्हणाल, सरकारने एवढी मोठी जंगलं राखून ठेवली आहेत, मग वाघाने तिथंच राहावं की!

याचं उत्तर वाघाच्या घरातच आहे. वाघाचा बच्चा साधारण दीड-दोन वर्षांचा झाला की आईपासून वेगळा होतो. त्या जंगलात आधीच मोठा नर ठाण मांडून असतो. तो या तरण्या वाघाला टिकू देत नाही. मादी बच्ची बहुधा आईच्या शेजारी जागा शोधते, पण नराला लांब जावं लागतं. चार भावांत वाटणी झाल्यावर धाकट्याने दुसऱ्या गावी जमीन पाहावी, तसाच हा प्रकार.

आणि आपली अभयारण्यं तरी केवढी? नागझिरा अभयारण्य सुमारे १५० चौरस किलोमीटरचं. बोर व्याघ्र प्रकल्पाचा मूळ भाग १३८ चौरस किलोमीटरचा. एवढ्याशा जागेत मोजकेच वाघ मावतात. इकडे वाघांची संख्या तर वाढते आहे. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ते ४४४ झाले. त्यांतले पुष्कळ चंद्रपूर जिल्ह्यात आहेत, आणि ब्रह्मपुरीसारख्या भागांत ते अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गावांच्या शेजारच्या जंगलांत राहतात. म्हणजे दर वर्षी नवे तरणे वाघ जागेच्या शोधात बाहेर पडणारच. आपल्याला ते आवडो न आवडो.

किती लांब जातात?

टिपेश्वर अभयारण्य यवतमाळ जिल्ह्यात आहे. तिथल्या एका तरण्या नर वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ पट्टा बसवला होता, म्हणून तो कुठे कुठे जातो हे कळत राहिलं. पावसाळ्याच्या तोंडी तो निघाला. यवतमाळ, नांदेड, हिंगोली, मध्येच तेलंगणाचा आदिलाबाद, असं फिरत फिरत डिसेंबरमध्ये तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्याची चाल १३०० किलोमीटरच्या वर गेली होती. पुढच्या काही महिन्यांची भटकंती धरली तर ती ३००० किलोमीटरहून अधिक भरली.

एवढी वाट तो चालला कुठून? नाल्यांच्या काठाने, कापसाच्या अन् तुरीच्या शेतांतून, रस्ते ओलांडून. दिवसा झुडपात पडून राही आणि रात्री चाले. वाटेत त्याने ढोरं मारली, हे खरं. हिंगोली भागात तो झुडपात विसावला असताना काही माणसं आत शिरली, त्यांतला एक जण जखमी झाला, हेही खरं. पण शेकडो गावांच्या शिवारांतून तो गेला, आणि बहुतेक गावांना पत्ताही लागला नाही.

दुसरं उदाहरण ‘जय’ नावाच्या वाघाचं. २०१३ च्या सुमारास तो नागझिऱ्यातून निघाला, वैनगंगा ओलांडली आणि शंभरावर किलोमीटर चालून उमरेड-कऱ्हांडला जंगलात येऊन राहिला. ते अभयारण्य तेव्हा नवंच झालं होतं. सरकारला तिथं वाघ आणून सोडावा लागला नाही. तो आपल्या पायांनी आला, कारण वाट शिल्लक होती.

वाट नसली तर काय होतं, हे राजस्थानातल्या सरिस्का जंगलाकडे पाहून कळतं. तिथले सगळे वाघ चोरट्या शिकारीने संपले आणि २००५ साली ही गोष्ट उघडकीला आली. शेजारच्या जंगलातून नवा वाघ चालत यायला धड वाट उरली नव्हती. शेवटी २००८ साली रणथंबोरचा वाघ हेलिकॉप्टरमध्ये घालून आणावा लागला.

एकच वळू आणि एकच रक्त

गोधन राखणाऱ्या माणसाला पुढची गोष्ट चटकन कळेल. गावात वर्षानुवर्षं एकच वळू ठेवला आणि त्याच्याच कालवडींवर तोच लावत गेलं, तर गुरांची पैदास बिघडते. वासरं खुजी निघतात, गाई उलटतात, रोगराईला लवकर बळी पडतात. म्हणून शहाणा शेतकरी वळू बाहेरगावचा आणतो.

जंगलाचंही असंच. चारी बाजूंनी कोंडलेल्या जंगलात वाघाची भावकी आपसांतच जुळत जाते. ओडिशातल्या सिमिलीपाल जंगलात हे प्रत्यक्ष दिसलं आहे. तिथे कितीतरी वाघांचे पट्टे एकमेकांत मिसळून अंग काळपट दिसतं. असे वाघ रानात इतरत्र आढळत नाहीत. शास्त्रज्ञांनी २०२१ साली त्याचं कारण शोधलं. तो कळप बाकीच्या वाघांपासून तुटला आहे आणि एकाच रक्तातला एक दोष त्यात पसरला आहे. काळा रंग दिसायला नवलाचा, पण तो कोंडल्याचा पुरावा आहे.

आपल्या मध्य भारताचं अजून बरं आहे. कान्हा आणि पेंच या जंगलांतल्या वाघांचा वंश तपासला, तेव्हा या दोन जंगलांमध्ये वाघांची ये-जा चालू असल्याचं दिसलं. मधली जंगलाची पट्टी टिकली, म्हणून हे झालं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१४ साली देशातले असे ३२ मोठे भ्रमणमार्ग कागदावर आखले. पण कागदावरची रेघ जमिनीवर टिकते ती तुमच्याआमच्या शिवारात.

ही वाट शिवारात ओळखायची कशी?

भ्रमणमार्ग म्हणजे घनदाट जंगलच पाहिजे असं नाही. जनावराला लपत छपत पुढे सरकता आलं, वाटेत पाणी मिळालं, की त्याचं काम भागतं. तुमच्या गावात या जागा पाहा:

नाल्याचे काठ. पळस, करंज, बांबू, सिंदीची झाडी असलेला नाला ही सगळ्यांत मोठी पांदण.

झुडपी जंगल. वर्षानुवर्षं महसुली दप्तरात ‘झुडपी’ म्हणून पडलेली ही जमीन. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ती वनजमीनच असल्याचा निर्णय दिला. लांबच्या प्रवासात झाडाखालचा विसावा असतो, तशी ही झुडपं जनावराच्या मुक्कामाला लागतात.

गायरान, देवराई, तळ्याची पाळ आणि पडीत टेकडी.

यांतली एक जागा मोडली तर फार बिघडत नाही असं वाटतं. पण साखळीची एक कडी तुटली की साखळी तुटते. नाल्याचा काठ मधेच साफ करून टाकला, की जनावर तिथं येऊन थबकतं, मागे फिरतं आणि जवळच्या तुरीत किंवा धानाच्या बांधीत दडतं. सकाळी तिथं आपली बाई निंदायला जाते. अपघात होतात ते असे.

रस्ता झाला तरी वाट राखता येते

नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करताना वर्षानुवर्षं वाद झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर महाराष्ट्राच्या भागात रस्त्याखालून जनावरांना जायला ९ मोकळ्या जागा ठेवून पूल बांधले. त्यांत सर्वांत लहान ५० मीटरचा तर सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. वरून मालमोटारी धावतात, खालून जंगल वाहतं.

जनावरं खालून जातात का? भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले. २०१९ मध्ये या पुलांखालून १८ जातींची जंगली जनावरं गेल्याची नोंद झाली. त्यांत ११ वेगवेगळे वाघ होते. म्हणजे सोय केली तर जनावर ती वापरतं.

यातून गावाने घ्यायचा धडा असा. तुमच्या भागात रस्ता, कालवा किंवा रेल्वेची मोजणी आली, तर ग्रामसभेत विषय घ्या. जनावरं नेमकी कुठून ओलांडतात हे मोजणीवाल्या साहेबापेक्षा तुमच्या गुराख्याला चांगलं ठाऊक असतं. ती जागा ठरावात लिहून द्या. व्याघ्र प्रकल्पांना जोडणारी जमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर २००६ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात त्यासाठी वेगळी परवानगी लागते. तेव्हा गावाच्या ठरावाला वजन आहे. काँक्रीटचं अस्तर लावलेल्या उभ्या काठाच्या कालव्यातून पडलेलं जनावर वर येऊ शकत नाही, मग ते हरीण असो की तुमची म्हैस. जागोजागी उतरण ठेवा, वरून रुंद पूल द्या, ही मागणी कालवा बांधून होण्याच्या आधी करायची असते.

तारेत वीज सोडू नका

मंडळी, आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट.

रोही आणि डुकरं रात्रीतून पीक फस्त करतात. जागल करून करून माणूस थकतो. मग कुणीतरी खांबावरून आकडा टाकून कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. त्याचं दुःख खोटं नाही. पण उपाय जीवघेणा आहे. वर सांगितलेल्या जय वाघाचा श्रीनिवास नावाचा बच्चा एप्रिल २०१७ मध्ये नागभीड भागात असाच शेताच्या तारेला चिकटून मेला. अशा तारेला वाघ जसा चिकटतो, तसा पहाटे पाणी सोडायला गेलेला शेजारीही चिकटतो. कधी घरधनी स्वतः चिकटतो, कधी त्याचा बैल.

घरातल्या विजेचा प्रवाह सतत वाहतो. स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही, म्हणून माणूस मरतो. सौर कुंपणाचं यंत्र बॅटरीवर चालतं. ते साधारण सेकंदाला एक, आणि तोही क्षणाच्या अगदी लहान अंशापुरता झटका देतं. दोन झटक्यांच्या मध्ये जनावर सुटून पळतं. ते घाबरतं, मरत नाही. मात्र यंत्र झटक्याचंच, प्रमाणित पाहिजे. साधी वीज थेट तारेत सोडली तर ते सौर कुंपण होत नाही.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. वाघ मारल्यास ३ ते ७ वर्षांपर्यंत कैद आहे. माणूस दगावला तर गुन्हा त्याहून भारी.

सौर कुंपण लावताना चार गोष्टी पाळा:

१. कुंपण आपल्या पिकाभोवती घाला. नाला आणि त्याचे दोन्ही काठ कुंपणाच्या बाहेर ठेवा.

२. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एकच कुंपण घेतलं तर खर्च वाटला जातो. पण दोन कुंपणांच्या मध्ये नाल्याची पट्टी मोकळी सोडा. पाण्याला जशी वाट देता, तशी जनावराला द्या.

३. तारेला टेकणारं गवत आणि वेल कापत राहा, नाहीतर झटका जमिनीत जिरतो. जमिनीत पुरलेल्या सळईभोवती ओल ठेवा.

४. अनुदानाची चौकशी करा. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणासाठी मदतीची तरतूद आहे. रक्कम आणि गावांची यादी वेळोवेळी बदलते, म्हणून वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन ताजी माहिती घ्या.

जीव सांभाळायच्या सवयी

भ्रमणमार्गावरच्या गावाने काही शिस्त पाळलीच पाहिजे.

नाल्याच्या झाडीला अगदी लागून तूर किंवा ऊस घेऊ नका. आठ-दहा पावलांचा पट्टा बुटक्या पिकाचा किंवा मोकळा ठेवा, म्हणजे समोरचं दिसतं.

मोह वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला सूर्य उगवल्यावर, चार-सहा जणांनी मिळून जा. एक जण उभा राहून पाहारा करील असं ठरवा. वाकून बसलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं. तिन्हीसांजेला आणि पहाटे जंगलाच्या कडेला एकटं जाणं टाळा.

गोठ्याला दार असू द्या. मेलेलं ढोर गावाच्या तोंडाशी टाकू नका, त्याच्या वासाने वाघ-बिबट गावात येतात.

उघड्या विहिरीला कठडा बांधा. त्यात बिबट पडतो, तसं पोरही पडतं.

रात्रीच्या विजेवर ओलीत करणं ही सगळ्यात मोठी जोखीम. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून चालू आहे. भ्रमणमार्गावरच्या फीडरला त्यात आधी घ्या, अशी मागणी ग्रामपंचायतीने लावून धरावी. ती रास्त मागणी आहे.

वाघ दिसला तर घोळका करून मागे लागू नका. फोटोच्या नादाने झुडपात शिरू नका. त्याला जायला एक बाजू मोकळी द्या आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

नुकसान झालं तर

ढोर मारलं गेलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवा. पंचनामा होईपर्यंत ढोर हलवू नका. रागाच्या भरात त्यात विष तर मुळीच घालू नका. त्या विषाने गिधाडं आणि गावची कुत्रीही मरतात, आणि भरपाई मिळायची ती गुन्हा दाखल होतो. पिकाचं नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत अर्ज द्या आणि पोच घ्या. सातबारा, आधार कार्ड आणि बँकेच्या पासबुकाच्या नकला आधीच काढून ठेवा. भरपाईचे दर शासन निर्णयाने बदलतात, ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला सांगा.

ओझं आमच्यावरच का?

हा प्रश्न तुम्ही विचाराल, आणि तो विचारायलाच हवा. वाघ पाहायला येणारा पाहुणा गाडीतून येतो आणि गाडीतून जातो. ढोर जातं ते तुमचं, झोप मोडते ती तुमची. म्हणून भरपाई वेळेवर, पूर्ण आणि हेलपाटे न घालता मिळणं हा तुमचा हक्क आहे. तो भांडून घ्या.

पण वाट बंद करून हे ओझं हलकं होत नाही, उलट वाढतं. पुढे जाणारा वाघ एका रात्रीचा पाहुणा असतो. अडकलेला वाघ वर्षभराचा शेजारी होतो. आणि नाल्याची झाडी तोडली की वाघाआधी आपलंच जातं. काठ खचतो, गाळ तळ्यात येतो, विहिरीचं पाणी खाली जातं, उन्हाळ्यात ढोरांना सावली उरत नाही.

गावाने मनावर घेतलं तर काय होतं हे गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने दाखवलं. २००९ साली वनहक्क कायद्याखाली त्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा, राखण गावाची आणि निर्णय ग्रामसभेचा. ज्या गावाला जंगलापासून रोजी मिळते, ते गाव जंगल तुटू देत नाही. तुमच्या गावाचा सामूहिक दावा अजून झाला नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत हा विषय पहिला घ्या.

तेव्हा या हंगामात एवढं करा. गावातली चार जाणती माणसं आणि गुराखी घेऊन शिवार फेरी काढा. जनावरांची जायची-यायची वाट गावनकाशावर लाल खडूने आखा. कुठे कुंपण आडवं आलं, कुठे विहिरीला कठडा नाही, कुठे आकडा टाकला जातो, हे बघून ठेवा. मग त्या शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून, न भांडता, समजुतीने बोला.

बैलबंडीच्या पांदणीसाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी तडजोड करत आलो. ही तडजोडही आपल्याला जमण्यासारखी आहे.

पत्रक वाचून झालं की शेजाऱ्याला द्या. ज्याला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवा.